डबल बेल

“उद्या तीनच घाट्या आहेत,” असं निशिगंधानं आदल्या संध्याकाळी छातीठोकपणे सांगितलं होतं. आता सकाळचे साडेदहा वाजले होते, सहावी घाटी चढून झाली होती आणि समोर सातवी दिसत होती. सायकली आडव्या टाकून रस्त्याकडेला बसलेली तेरा माणसं तिच्याकडे अशी बघत होती, की जणू हे डोंगर तिनंच आणून ठेवलेत.

“ताई, तुम्ही तीन म्हणाला होतात,” शार्दूल म्हणाला. सकाळपासून चौथ्यांदा म्हणाला.

शार्दूल म्हणजे ह्या सायकल सफरीचा म्होरक्या. रत्नागिरीत त्याचं सायकलींचं दुकान, वय तिशीच्या आत, गळ्यात शिट्टी आणि पोटऱ्या नुसत्या लोखंडाच्या. केळशी ते पावस, किनाऱ्याकिनाऱ्यानं तीन दिवस, चौदा सायकली आणि मागून सामानाचा एक टेंपो, असा त्याचा बेत. आजचा दिवस शेवटचा. जयगडहून निघायचं, रत्नागिरी ओलांडायची आणि पावसला जेवायचं. सहाला निघायचं ठरलं होतं, पण पोहे उशिरा आले, मग सगळ्यांचा फोटो, मग झेंडा उलटा धरला म्हणून परत फोटो, असं करता करता आठ वाजले. त्या दोन तासांचं कुणी नाव काढत नव्हतं. नाव निघत होतं ते निशिगंधाच्या तीन घाट्यांचं.

आता चूक तिची होती हे खरं, पण ती झाली कशी ते ऐका. निशिगंधा रेवाळे एस.टी.त कंडक्टर. बारा वर्षं झाली. त्यातली आठ ह्याच रस्त्यावर गेली. कुठल्या मोरीवर गाडी आपटते, कुठल्या विनंती थांब्यावर कोण माणूस कुठल्या वाराला उभा असतो, सगळं तोंडपाठ. पण चढ? चढ तिनं पायानं कधी मोजलाच नव्हता. ड्रायव्हर जिथे पहिला गिअर टाकायचा, गाडी कण्हायला लागायची आणि उभ्या माणसांचे हात वरच्या दांडीला घट्ट व्हायचे, ती तिच्या हिशेबी घाटी. अशा तीन. बाकीच्या गाडीनं दुसऱ्या गिअरात काढल्या होत्या आणि ही आपली सीटच्या कडेला टेकून तिकिटं देत उभी. इंजिनानं जे मनावर घेतलं नाही ते तिनं कशाला घेतलं असतं! आता मात्र त्या सगळ्या वगळलेल्या घाट्या एकेक करून तिच्या मांड्यांत येऊन बसत होत्या.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “आता काय डोंगर पुसून टाकू?”

कुणी हसलं नाही. शार्दूलनं शिट्टी मारली आणि सगळे उठले.

मार्चचा पहिला आठवडा, शिमग्याच्या तोंडावरचं ऊन. कोकणातल्या उन्हाला नुसतं तापवून समाधान नसतं, ते माणसाला शिजवतं. खाली खाडी लागली की दमट वारा अंगाला चिकटतो आणि वर सड्यावर, उघड्या पठारावर, आलं की कातळ खालून भाजतो. झाड म्हणाल तर कुणाच्या तरी बागेत, दगडी गडग्याच्या पलीकडे, आपल्या उपयोगाचं नाही. शिवाय तिची सायकल जुनी, कुणाकडून तरी घेतलेली. गिअर सात, पण लागायचे चार, आणि ते चारही उतारावरचे.

मग ही बाई आली कशाला, असं तुम्ही विचाराल. घरात सासूनंही तेच विचारलं होतं. सखूबाई ओटीवर सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तीन दिस रजा? कोण गेला?” कारण तोवर निशिगंधानं रजा घेतली ती कुणाच्या लग्नाला, नणंद मनस्वीच्या बाळंतपणाला किंवा कुणी वारलं म्हणून. आपल्या मनानं कुठे जायला रजा घेतात, हे त्या घराला ठाऊकच नव्हतं. तिला तरी कुठे होतं? पहाटेच्या पहिल्या गाडीवर ड्यूटी असली की डेपोपर्यंत जायला गाडी नसायची, म्हणून ती सायकल शिकली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, दोनदा गटारात पडून. आणि मग एक दिवस अंधारात, रिकाम्या रस्त्यावर सायकल हाणताना तिच्या ध्यानात आलं, की ही गाडी मी म्हणेन तिथे थांबते. एवढंच कारण. हे सासूला कसं सांगायचं!

नवरा दीपक मुंबईला, अंधेरीत कुरिअरच्या कंपनीत. घरी यायचा गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. त्याला तिनं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “जा की. पण तिसऱ्या दिवशी टेंपोत बसशील. लिहून देतो.” रागानं नाही म्हणाला, चेष्टेनंही नाही. उद्या बुधवार आहे, असं सांगावं तसं म्हणाला. तेच तिला लागलं. चिडला असता तर भांडता आलं असतं. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, बाकी काही नाही. पावस येईपर्यंत टेंपोत बसायचं नाही.

त्यात शार्दूलनं घरच्या मंडळींसाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढलेला. कोण कुठे पोचलं ते तो दर मुक्कामाला त्यावर टाकायचा. सायकलवर असलेल्याच्या नावापुढे सायकलचं चित्र, थकून टेंपोत बसलेल्यापुढे टेंपोचं. दीपक त्या ग्रुपवर होता. निम्मा डेपोही होता. आणि नियम असा, की रत्नागिरीबाहेरच्या भाट्याच्या पुलावर दुपारी एकच्या आत पोचलं नाही, तर टेंपोत बसायचंच.

आरे-वारेच्या पुलानंतरची घाटी लागली तेव्हा अकरा वाजून गेले होते. ही मात्र पहिल्या गिअरची, तिच्या तीनांतली. बाकीचे तेरा कधीच वळणाआड गेले. निवृत्त शाळामास्तरीण मालिनीबाई, वय वर्षं त्रेसष्ट, ह्यासुद्धा “श्वासाकडे लक्ष दे गं” असा उपदेश करून पुढे निघून गेल्या. श्वास असता तर दिलं असतं लक्ष! निशिगंधा खाली उतरली आणि सायकल ढकलत चालू लागली. मागे टेंपो घरघरत होता. सगळ्यात शेवटच्या माणसामागे टेंपोनं राहायचं, असा दुसरा नियम होता.

टेंपोवर धोंडूमामा. तेच ते, पहिला गिअर टाकणारे. एकतीस वर्षं एस.टी. हाकून दोन वर्षांमागे निवृत्त झालेले. त्यांना हे काम निशिगंधानंच मिळवून दिलं होतं. बोलणं कमी, गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही आणि आरशात बघितल्याशिवाय निघायचं नाही, असा सरळ माणूस.

अर्ध्या घाटीवर एका आंब्याच्या कलमाची फांदी गडग्यावरून रस्त्यावर आली होती. तेवढीच सावली. तिथे सायकल टेकवून निशिगंधा मटकन खाली बसली. टेंपो थोडा पुढे जाऊन थांबला. बाटली रिकामी झाली होती. पाणी टेंपोत, फोन टेंपोत चार्जिंगला, डोक्याची टोपीसुद्धा टेंपोत. उठून मागावं पाणी, असं तिच्या मनात होतं, पण पाय म्हणत होते, जरा थांब.

तेवढ्यात एक म्हैस आली. तिलाही ती सावली हवी होती. आली ती सरळ सायकलवर रेलली आणि मान घासायला लागली.

“हाड! हुर्र!” निशिगंधा ओरडली. म्हैस ढिम्म. तेव्हा तिनं बसल्या जागेवरून हात लांब करून घंटी वाजवली. ट्रिंग ट्रिंग.

झालं! टेंपोत धोंडूमामांचा डोळा लागला होता. एकतीस वर्षं ज्या माणसानं मागून एक बेल आली की गाडी थांबवली आणि दोन आल्या की सोडली, त्याच्या हाताला विचार करायला कोण सांगणार? त्यांनी आरशात बघितलं. आरशात म्हैस दिसली. म्हशीआडची सायकल आणि बाई दिसलीच नाही. म्हणजे मागून चढली, सायकलही आत घेतली आणि डबल बेल दिली. सहा वर्षं ती त्यांच्या गाडीत तशीच तर चढत आली होती. किल्ली फिरली, पहिला गिअर पडला आणि टेंपो निघाला.

“मामा! ओ मामा! अहो, मी इथे हाय!”

ती वीस-पंचवीस पावलं धावली. टेंपोच्या आवाजात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. टेंपो वळणावरून वर गेला आणि घाटी एकदम शांत झाली. म्हैस निवांत रवंथ करत होती.

निशिगंधानं म्हशीला, धोंडूमामांना, शार्दूलला, पोह्यांना आणि स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. बारा वर्षं गर्दीच्या गाडीत काढलेली बाई, शिव्यांना काय तोटा! मग डोळ्यांत पाणी आलं. ते पुसलं आणि सायकल ढकलायला लागली. दुसरं करणार काय?

माथा जवळ आला असेल-नसेल, तर मागून ओळखीचा घरघराट. लाल गाडी. तिचीच गाडी, तिचीच फेरी, फक्त आज पिशवीचा पट्टा बदली कंडक्टर शमिकाच्या खांद्यावर. तिला बघताच शमिकानं आतून टण्णकन एक बेल मारली. गाडी थांबली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

“अगो, ही आपली कंडक्टरीण!” मागच्या सीटवरची गंगाकाकू ओरडली. दर गुरुवारी शिरगावला लेकीकडे जाणारी. “चालत कुठे चाललीस उन्हातान्हात? गाडी चुकली काय गो?”

सगळी गाडी हसली. निशिगंधाला त्या क्षणी धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

“चढ,” शमिका दारातून म्हणाली. “सायकल मागे घालू, जागा आहे. तोंड बघ कसं झालंय, भाजल्यासारखं.”

दार उघडं होतं. आत पंखा नव्हता की काही नव्हतं, पण सावली होती, बसायला सीट होती आणि वीस मिनिटांत रत्नागिरी. आणि बघा हां, हा काही टेंपो नव्हता. दीपकनं टेंपोचं म्हटलं होतं, एस.टी.चं नाही. तिच्या मनात हे आलं, अगदी आलं. पायरीवर तिनं एक पाय ठेवलासुद्धा.

मग काढला.

“पाणी दे वायच,” ती म्हणाली. “आणि धोंडूमामांना फोन लाव. मला टाकून गेले म्हणावं.”

पाणी गंगाकाकूनं दिलं, अख्खी बाटली. फोनला सड्यावर रेंज नव्हती. शमिका म्हणाली, खाली गेले की लावते. तिनं लावलाही, दोनदा लावला. पण धोंडूमामा गाडी चालवताना फोन घेत नाहीत, हे आधीच सांगितलंय.

त्या पाण्यावर निशिगंधानं सडा पार केला. बसणी गावचा उतार आला तेव्हा ती वेड्यासारखी सुटली, एकही ब्रेक न दाबता. शिरगाव, मग रत्नागिरी, मग गावातली गर्दी, सिग्नल, रिक्षा. डोक्यात फक्त घड्याळ. भाट्याच्या पुलावर ती पोचली तेव्हा मनगटावर एकला दहा कमी होते.

पुलावर कुणी नव्हतं. ना शार्दूल, ना टेंपो, ना झेंडा. शहाळीवाला तेवढा होता.

“सायकलवाले ना? ते गेले, अर्धा तास झाला,” तो म्हणाला. “म्हणत होते सगळे आले, एक बाई टेंपोत झोपलीय.”

निशिगंधाला आधी कळलंच नाही. मग कळलं. धोंडूमामांनी पुलावर येऊन खिडकीतून सांगितलं असणार, निशिगंधा मागे बसलीय. आणि शार्दूलनं ताडपत्री उचलूनही बघितली नसणार. झोपल्या असतील ताई, कशाला उठवा! कागदावर तिच्या नावापुढे टेंपोचं चित्र पडलं असणार. तिथून ग्रुपवर, ग्रुपवरून डेपोत, डेपोतून जिल्ह्यात आणि अंधेरीला.

“मी टेंपोत नाय!” ती शहाळीवाल्यावर खेकसली. तो बिचारा कोयता हातात धरून बघत राहिला.

आता खरं तर रडून सायकल टाकून द्यायची वेळ होती. नाव गेलंच होतं, आता पाय मारून काय मिळणार? पण ती इतकी तापली होती, की तिला थांबताच येईना. कासोप गेलं, फणसोप गेलं. समुद्र उजव्या हाताला चमकत होता आणि ती त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हती. तोंडानं मात्र एकसारखं चालू होतं. बसली म्हणे टेंपोत. झोपली म्हणे. घ्या आता.

गोळपच्या चढावर समोरून टेंपो आला. सुसाट आला आणि कचकन थांबला. धोंडूमामा खाली उतरले. चेहरा पांढराफटक. पावसला सामान उतरवायला ताडपत्री उघडली, तेव्हा कुठे त्यांना कळलं होतं.

“अगो बाय... मला वाटला तू...”

“काय वाटलं? म्हैस कंडक्टर वाटली?”

“डबल बेल दिलीस ना तू!”

“म्हशीला दिली!” ती रस्त्याच्या मधोमध किंचाळली. “सायकलची घंटी होती ती मामा, सायकलची! बेल कसली! मी तिथे मेले असते तर? आणि वर सांगून मोकळे, की आत आहे. एकदा वळून बघायला काय झालं होतं?”

सहा वर्षांत तिनं धोंडूमामांना अरे-तुरे सोडाच, त्यांच्यापुढे मोठा आवाजही केला नव्हता. ते पुढे होऊन सायकलला हात घालायला गेले. “ठेव वर. आता किती राहिलंय. चार किलोमीटर. कोणाला कळतंय?”

“हात लावू नका.”

तिनं पाणी प्यायलं, डोक्यावर ओतलं आणि चढायला लागली. बसून जमेना तेव्हा उभी राहून, उभी राहून जमेना तेव्हा ढकलत. धोंडूमामांनी टेंपो वळवला आणि पहिल्या गिअरात तिच्या मागे ठेवला. एकदाही हॉर्न दिला नाही. ती एकदाही मागे वळली नाही.

पावसला पोचेपर्यंत तीन वाजले. खानावळीच्या अंगणात सायकली ओळीनं लावलेल्या, झेंडा गुंडाळून ठेवलेला. आत पंक्ती उठून ताक पिणं चाललं होतं. ती घामानं निथळत दारात उभी राहिली तेव्हा शार्दूलच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

“ताई, तुम्ही सायकलनं?”

“नाय, उडत.”

शार्दूलनं तिच्या खांद्यावरून मागे बघितलं. “मामा, खरं? पूर्ण आल्या ह्या? मध्ये कुठे बसल्या नाहीत?”

तिच्यासमोर, तिच्याबद्दल, धोंडूमामांना विचारलं! ज्यांनी तिला घाटीवर टाकली त्यांना! धोंडूमामा म्हणाले, “नाय बसली.” तेव्हा शार्दूलचा चेहरा मोकळा झाला. “सॉरी हां ताई, ग्रुपवर गेलंय तसं. करतो दुरुस्ती, जेवण झालं की करतो.” मालिनीबाईंनी “शाब्बास गं” म्हणत तिच्यासाठी पाट मांडला. मीठ वाढलं, लिंबू वाढलं. निशिगंधानं पान तसंच ठेवून टेंपोतून फोन काढला. पहिला फोन दीपकलाच लावला.

“पोचले,” ती म्हणाली.

“बघितलं ग्रुपवर,” दीपकचा आवाज आला. मागे कुठेतरी खोकी आपटत होती. “टेंपो ना? म्हटलं होतं मी. जाऊ दे, दोन दिवस तरी केलेस. पुष्कळ झालं.”

“नाय बसले टेंपोत. त्यांनी चुकून लिहिलं. सगळी सायकलनं आले, पार पावसपर्यंत.”

तो हसल्यासारखं करून म्हणाला, “बरं, बरं. धोंडूमामा आहेत काय तिथे? दे त्यांच्याकडे.”

तिनं दिला. का दिला, हे नंतर तिला सांगता आलं नसतं. बारा वर्षांच्या नोकरीची सवय असेल, बावीस वर्षांच्या संसाराची असेल. धोंडूमामांनी फोन कानाला लावला, तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. “हां... नाय नाय, बसली नाय. मी बसवत होतो तरी नाय बसली... हां, माझ्या डोळ्यांदेखत... हां हां. ठेवतो.”

त्यांनी फोन परत तिच्या हातात दिला.

“ठेवला त्यानं,” ते म्हणाले. “म्हणाला, मग ठीक आहे.”

निशिगंधा त्या फोनकडे बघत अंगणात उभी राहिली. आतून मालिनीबाई भात निवतोय म्हणून हाका मारत होत्या. तिनं पुन्हा तोच नंबर लावला. बरीच रिंग गेली.

“आता काय गो?” दीपक म्हणाला. “सांगितलं ना मामांनी.”

“त्यांना विचारलंत,” ती म्हणाली. “आता मला विचारा.”